एक शब्द, अनेक अर्थ : इंग्रजीतील 'रिफ्लेक्शन'

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



वर्धापनदिनाला पाहुण्याने धम्मावर किंवा चळवळीवर बोलावे अशी आपल्याकडची पद्धत आहे. समितीने आम्हाला विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा आम्ही सांगितले की, आम्ही एका इंग्रजी शब्दावर बोलू. एकदोघांनी एकमेकांकडे पाहिले. एका शब्दावर तासभर काय बोलणार, असे त्यांच्या मनात आले असणार. पण आमचे सगळे आयुष्य मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेले. ज्यांच्या घरात आईवडिलांना इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते अशी मुले आम्ही शिकवली. ती मुले मोठ्या शब्दांना घाबरत नाहीत. मोठा शब्द पाठ करता येतो. ती अडतात ती ओळखीच्या शब्दाने अचानक दुसरा अर्थ दाखवला म्हणजे. 'रिफ्लेक्शन' हा असाच एक शब्द आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तो भेटतो, बँकेत भेटतो, कॉलेजात भेटतो, वर्तमानपत्रात भेटतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो वेगळा वागतो.

इंग्रजी भाषा मुद्दाम आपल्याला फसवते असा काहींचा समज असतो. तो आधी दूर करू. आपल्या मराठीतले 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, शाळेत नंबर लागला, निकाल लागला, डोळा लागला, बस लागली, लळा लागला, वेड लागलं, घराला कुलूप लागलं. आता एखादा परदेशी माणूस मराठी शिकायला आला आणि त्याने पहिल्या दिवशी वहीत लिहिले की 'लागणे म्हणजे इजा होणे', तर दुसऱ्या दिवशी 'पोराला नोकरी लागली' हे ऐकून तो सांत्वनाला येईल! आपण हसलो, पण आपली मुलं इंग्रजीत नेमकं हेच करतात. गाईडमध्ये 'रिफ्लेक्शन म्हणजे परावर्तन' असे छापलेले असते. मूल ते पाठ करते आणि पुढे जिथे जिथे तो शब्द येईल तिथे तिथे परावर्तन बसवते. शब्दाचा अर्थ शब्दात थोडा असतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत जास्त असतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

आता या शब्दाचे मूळ पाहू. तो लॅटिनमधून आला. 'रे' म्हणजे मागे, परत आणि 'फ्लेक्टेरे' म्हणजे वाकवणे, वळवणे. मागे वळवणे हा त्याचा गाभा. 'फ्लेक्झिबल' म्हणजे लवचीक, हाही त्याच घरातला. सायकलच्या मागे लाल रंगाचा रिफ्लेक्टर असतो, तोही त्याच घरातला. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'रिफ्लेक्शन'चे स्पेलिंग मधे 'एक्स' घालून केलेले सापडते. तेव्हा कुणा विद्यार्थ्याच्या हाती जुने पुस्तक आले तर ती छपाईची चूक समजू नये.

पहिला अर्थ विज्ञानातला. प्रकाशाचा किरण आरशावर पडतो आणि परत फिरतो. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावरून किरण शिस्तीने परततात, त्याला नियमित परावर्तन म्हणतात. विहाराच्या या भिंतीवरूनही प्रकाश परततोच, पण भिंत खडबडीत असल्यामुळे तो चहूकडे विखुरतो. ते अनियमित परावर्तन. तसे होते म्हणूनच तुम्ही कुठेही बसलात तरी भिंत तुम्हाला दिसते. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे १२ टक्के तो परत टाकतो आणि तेवढ्यावर आपली वैशाख पौर्णिमा उजळून निघते. १९६९ साली अपोलो ११ मधून गेलेल्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून त्यावर लेसरचा किरण सोडला तर तो सुमारे अडीच सेकंदांत परत येतो, आणि त्या वेळेवरून चंद्राचे अंतर मोजता येते.

आवाजालाही हाच शब्द लागतो. आवाज भिंतीवर, डोंगरावर आपटून परत येतो, त्याला आपण प्रतिध्वनी म्हणतो. मूळ आवाज आणि परतलेला आवाज वेगवेगळे ऐकू यायला दोहोंत एकदशांश सेकंदाचे अंतर लागते, म्हणून भिंत किमान १७ मीटरच्या आसपास दूर असावी लागते. ज्यांनी विजापूरचा गोल घुमट पाहिला आहे त्यांना हे पाठ करावे लागत नाही. घुमटाखालच्या सज्जात एका बाजूला केलेली कुजबूज पलीकडच्या बाजूला ऐकू येते.

दुसरा अर्थ प्रतिबिंबाचा. तळ्यातले झाडाचे रूप, आरशातला आपला चेहरा, हे सुद्धा इंग्रजीत 'रिफ्लेक्शन'च. मराठीत किरण परतणे ही क्रिया वेगळी आणि त्यातून दिसलेले रूप वेगळे. पहिल्याला आपण परावर्तन म्हणतो, दुसऱ्याला प्रतिबिंब. इंग्रजी दोघांना एकच नाव देते. प्रतिबिंबात डावे-उजवे उलटल्यासारखे दिसते हे ध्यानात ठेवा. रुग्णवाहिकेच्या दर्शनी भागावर इंग्रजी अक्षरे उलटी रंगवलेली असतात, ती पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला आपल्या आरशात सरळ वाचता यावीत म्हणून.

तिसरा अर्थ आता आपल्या वस्तीत मराठीसारखाच बोलला जातो. मोबाइलवरून पैसे पाठवले की समोरचा म्हणतो, 'अजून अकाउंटला रिफ्लेक्ट नाही झाले'. आमची मुले म्हणतात, 'सर, स्कॉलरशिप मंजूर झाली, पण खात्यात रिफ्लेक्ट होत नाही'. इथे ना आरसा आहे ना किरण. एका ठिकाणी घडलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी दिसून येणे, उमटणे, एवढाच याचा अर्थ. अर्थशास्त्राच्या पुस्तकात येते की, वस्तूच्या किमतीत तिची टंचाई 'रिफ्लेक्ट' होते. पाऊस लांबला, पीक कमी आले, की कांद्याच्या भावात ते दिसते. साहित्यावर बोलताना म्हणतात की, कादंबरीत त्या काळचा समाज 'रिफ्लेक्ट' झाला आहे. मराठीत याला उमटणे, पडसाद पडणे, प्रत्यय येणे असे प्रसंगाप्रमाणे निरनिराळे शब्द आहेत. प्रत्येक ठिकाणी 'परावर्तित होणे' असे लिहून आपण आपली चांगली भाषा लंगडी करतो.

या तिसऱ्या अर्थात एक सावधगिरी लागते. आरशात तेच दिसते जे आरशासमोर उभे असते. खात्यात पैसे दिसले नाहीत म्हणजे मंजुरी झालीच नाही असे नव्हे, आणि आकडा दिसला म्हणजे सगळे सांगून झाले असेही नव्हे. २०११ च्या जनगणनेत भारतात बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख आणि त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात अशी नोंद आहे. हा आकडा काय 'रिफ्लेक्ट' करतो? घरी आलेल्या प्रगणकाला धर्माच्या रकान्यासाठी जे सांगितले गेले आणि त्याने जे लिहिले, ते. मुलांनी कुठलाही आकडा वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी.

आता चौथा अर्थ. हा महत्त्वाचा, म्हणून थोडा वेळ घेऊ. इंग्रजीत विचार करण्यालाही 'रिफ्लेक्शन' म्हणतात. विचाराला दुसरे शब्द आहेत की, मग हा कशाला? तर साधा विचार पुढे पुढे धावतो. उद्या काय करायचे, बाजारातून काय आणायचे. 'रिफ्लेक्शन' म्हणजे मागे वळून केलेला विचार. झालेल्या गोष्टीकडे, वाचलेल्या मजकुराकडे, स्वतःच्याच मताकडे पुन्हा पाहणे. मराठीत चिंतन आणि मनन हे शब्द जवळचे. 'ऑन रिफ्लेक्शन' असा वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ 'पुन्हा विचार केल्यावर'. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० च्या आपल्या ग्रंथात मांडले की, माणसाच्या सर्व कल्पना दोन झऱ्यांतून येतात. एक इंद्रियांना बाहेरून जे मिळते ते, आणि दुसरे मन स्वतःच्या कामाकडे पाहते त्यातून जे मिळते ते. या दुसऱ्या झऱ्याला त्याने 'रिफ्लेक्शन' हे नाव दिले. प्रकाश आरशावरून परततो तसे मन स्वतःवर परतते, ही त्यामागची उपमा.

हाच शब्द अनेकवचनात आला की 'एखाद्या विषयावरचे विचार' असा अर्थ होतो आणि पुस्तकांच्या नावांत तो फार येतो. एडमंड बर्क याने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या विरोधात पुस्तक लिहिले, त्याच्या नावातला पहिला शब्दच 'रिफ्लेक्शन्स' आहे. त्याला थॉमस पेन याने १७९१ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' लिहून उत्तर दिले. आणि हेच पेनचे पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या वाचनात आले. माणसाच्या हक्कांचा विचार त्यांच्या मनात पक्का होण्यात त्या वाचनाचा मोठा वाटा होता. सांगायचा मुद्दा असा की, पुस्तकाच्या नावात हा शब्द आहे म्हणून लेखकाचा विचार बरोबरच असेल असे नाही. शांतपणे विचार करूनही माणूस राजाची बाजू घेऊ शकतो. म्हणून वाचणाऱ्यानेही आपला विचार करायचा असतो.

या चौथ्या अर्थाने आपल्या मुलांची कशी अडचण होते ते सांगतो. बी.एड. चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात 'रीडिंग अँड रिफ्लेक्टिंग ऑन टेक्स्ट्स' असा एक भाग आहे. आमच्या ओळखीची, आपल्याच समाजातली एक मुलगी एका कॉलेजात बी.एड. करत होती. पुस्तक वाचून त्यावर 'रिफ्लेक्शन' लिहा असे सांगितले गेले. तिने रात्र जागून सुंदर अक्षरात पुस्तकाचा सारांश लिहिला. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत लिहिले होते की, यात तुमचे रिफ्लेक्शन कुठे आहे? ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, 'सर, पुस्तकातलं एकही पान मी सोडलं नाही, मग अजून काय पाहिजे यांना?'

आम्ही तिला म्हटले, 'बाई, पुस्तकाचं सगळं आलं, तुझं काही आलं नाही. हे वाचताना तुला काय पटलं, काय खटकलं, तुझ्या शाळेत तुझ्याशी मास्तर जसे वागले त्याच्याशी हे जुळतं का, उद्या तू वर्गात उभी राहशील तेव्हा यातलं काय करशील, ते लिही.' ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'आमचं आम्ही लिहायचं असतं हे शाळेत कुणी सांगितलंच नाही.'

बंधू-भगिनींनो, तिचे म्हणणे खरे आहे. आपल्या मुलांना शाळेत उत्तर पाठ करायला शिकवले जाते. आपले मत विचारले जात नाही, आणि कुणी दिले तर शहाणपणा शिकवू नको असे ऐकावे लागते. ज्या समाजाला शेकडो वर्षे बोलूच दिले नाही, त्या समाजातल्या मुलीने 'मला असे वाटते' हे तीन शब्द लिहायला धीर लागतो. तो धीर इंग्रजीच्या व्याकरणातून येत नाही. तो घरातून आणि विहारातून द्यावा लागतो. त्या मुलीने वही पुन्हा लिहिली. आज ती स्वतः शिकवते.

याच अर्थावर बाबासाहेबांनी काय म्हटले ते पाहू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे जॉन ड्युई हे त्यांचे प्राध्यापक. ड्युई यांचे विचारप्रक्रियेवरचे पुस्तक १९१० मध्ये निघाले होते. त्यात ते सांगतात की, खरा विचार अडचणीतून सुरू होतो. माणूस सरळ रस्त्याने चालला असेल तर विचार करत नाही. रस्त्याला दोन फाटे फुटले आणि कुठला धरावा हे कळेना, की मग तो थांबतो, खुणा शोधतो, पुरावा तपासतो. अशा विचाराला ते 'रिफ्लेक्टिव्ह' विचार म्हणतात.

१९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. याच ग्रंथात त्यांनी ड्युई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे, आणि याच ग्रंथात 'रिफ्लेक्टिव्ह' विचाराची गोष्ट येते. त्यांचे म्हणणे आमच्या शब्दांत असे की, एखाद्या समजुतीला आधार काय आणि ती आपल्याला कुठे नेते हे जागेपणाने, चिकाटीने तपासणारा विचार फार दुर्मीळ असतो आणि तो पेचप्रसंगातच जागा होतो. मग ते रेल्वेचे उदाहरण देतात. आगगाडीत बसलेला हिंदू माणूस खाण्यापिण्याचे जातीचे नियम पाळू शकत नाही, परदेशी गेला तरी पाळू शकत नाही. जे नेहमी पाळता येत नाही ते मुळात पाळायचे कशाला, हा प्रश्न त्याला इथे पडायला हवा. पण पडत नाही. तो एका पावलावर जात मोडतो, पुढच्या पावलावर पुन्हा पाळतो. मधे विचार होतच नाही.

बघा, बाबासाहेबांनी हा शब्द केवढ्या कामाला लावला! शब्दकोशात 'चिंतन' एवढे वाचून हा उतारा कळणार नाही. चिंतन म्हटले की आपल्याला डोळे मिटून बसलेला माणूस आठवतो. इथे तसे नाही. इथे आगगाडीच्या डब्यात, डबा उघडताना, पाणी पिताना मनात उठायला हवा असा प्रश्न आहे. आणि आपणही हे वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. लग्न जमवताना आपल्या घरांत जेव्हा पोटजातीची चौकशी होते, तेव्हा तोही दोन फाट्यांचा रस्ताच असतो. तिथे आपण थांबतो की मागच्या सवयीने चालत राहतो, हे ज्याने त्याने पाहावे.

पाचवा अर्थ ठपक्याचा. 'रिफ्लेक्ट ऑन' म्हणजे विचार करणे हे आत्ताच पाहिले. पण त्याच 'ऑन'ने दुसराही अर्थ होतो. एखाद्या गोष्टीमुळे कुणाच्या नावाला बट्टा लागणे, त्यालाही 'रिफ्लेक्ट ऑन'च म्हणतात. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत ३५२ क्रमांकाचा नियम आहे. सभासदाने बोलताना काय करू नये याची त्यात यादी आहे. उच्च अधिकारपदावरील व्यक्तींच्या वर्तनावर, त्यासाठी योग्य शब्दांत रीतसर प्रस्ताव आणल्याशिवाय, 'रिफ्लेक्ट' करू नये असे तिथे म्हटले आहे. गाईडवाला मुलगा म्हणेल, अधिकाऱ्यांच्या वर्तनावर विचार करायला खासदारांना बंदी आहे! तसे नाही. टीका करणे, ठपका येईल असे बोलणे, एवढाच तिथे अर्थ आहे. पुढेमागे आपल्यातले कुणी वकील होतील, कुणी सभागृहात जातील. त्यांना हा फरक कळला पाहिजे.

या पाचव्या अर्थाचा आपल्याला रोज चटका बसतो. मोठ्या वसाहतीतल्या एखाद्या मुलाने दंगा केला तर लोक म्हणतात, पोरगा वाया गेला. आपल्या वस्तीतल्या मुलाने तेच केले तर म्हणतात, ही वस्तीच तशी. एका मुलाची कृती, पण त्याचा डाग साऱ्या समाजावर. आमची मुलांना सूचना आहे की, असे इंग्रजी वाक्य आले की 'ऑन'नंतर कुणाचे नाव लिहिले आहे ते आधी पाहा. शाळेचा निकाल खराब लागला. 'हे विद्यार्थ्यांवर रिफ्लेक्ट करते' असेही लिहिता येते आणि 'हे शिकवण्यावर रिफ्लेक्ट करते' असेही लिहिता येते. व्याकरणाने दोन्ही शुद्ध. पण 'ऑन'पुढे कुणाचे नाव घालायचे हे लिहिणारा ठरवतो. त्याला विचारले पाहिजे, हे नाव तुम्ही कशावरून घातले? आणि आपल्या घरातही हे तपासू या. मुलगी कॉलेजातून उशिरा आली की आपण म्हणतो, 'समाजात आमचं नाव जाईल'. मुलगा उशिरा आला तर जात नाही का?

आता एक भाऊबंद शब्द पाहू. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडीने टकटक करतात आणि पाय आपोआप उडतो. त्याला 'रिफ्लेक्स' म्हणतात. चटका बसला की हात मागे येतो, तोही 'रिफ्लेक्स'. ही क्रिया पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमार्फत होते, मेंदूने विचार करण्याची वाट पाहत नाही. मूळ एकच, मागे वळण्याचे. पण 'रिफ्लेक्स' विचाराच्या आधी होतो आणि 'रिफ्लेक्शन' म्हणजे विचार. दोन सख्ख्या भावांचे स्वभाव इतके उलटे! नळावर भांडण झाले, कुणी शिवी दिली, आपल्या तोंडून लगेच दुसरी गेली, तो 'रिफ्लेक्स'. चटका बसल्यावर हात मागे घ्यायला 'रिफ्लेक्स'च हवा, तिथे विचार करत बसलो तर हात भाजेल. पण शिवीला तो कामाचा नाही. व्याकरणातही एक भाऊ आहे. 'रिफ्लेक्झिव्ह' सर्वनाम, म्हणजे 'मायसेल्फ', 'हिमसेल्फ'. 'त्याने स्वतःला इजा केली' या वाक्यात क्रिया करणाऱ्यावरच परत येते, म्हणून ते नाव.

इतका वेळ आपण इंग्रजीत फिरलो. आता शेवटचे एक उदाहरण, ते पालीतले आहे. मज्झिम निकायात ६१ वे सुत्त आहे, अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त. राहुल तेव्हा लहान होता, अट्ठकथेप्रमाणे सात वर्षांचा. तथागत त्याला आधी पाण्याच्या भांड्यावरून खोटे न बोलण्याचा उपदेश करतात. मग विचारतात की, आरसा कशासाठी असतो? राहुल उत्तर देतो, पच्चवेक्खणासाठी. म्हणजे नीट परतून पाहण्यासाठी. तथागत सांगतात की, त्याचप्रमाणे शरीराने, वाणीने आणि मनाने जे करशील ते पुन्हा पुन्हा तपासून कर. करण्याआधी पाहा, करताना पाहा, केल्यावर पाहा. यातून मला दुःख होते का, दुसऱ्याला होते का, दोघांना होते का? करताना चुकीचे दिसले तर थांब. बोलण्या-वागण्यात चुकले असे नंतर दिसले तर जाणत्यांपुढे ते उघड कर आणि पुढे सावध राहा.

सम्राट अशोकांनी बैराटच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी सात धम्मवचने सांगितली. त्यांत राहुलाला खोटे बोलण्यासंबंधी केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे. तो शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

या सुत्ताचे इंग्रजी भाषांतर करताना अनेक भाषांतरकारांनी राहुलाच्या उत्तरासाठी कोणता शब्द वापरला असेल? 'रिफ्लेक्शन'च. आरसा कशासाठी? तर 'फॉर रिफ्लेक्शन'. इंग्रजी वाचणाऱ्याला त्या एका शब्दात आरशातले प्रतिबिंबही दिसते आणि मनातला विचारही कळतो. ज्या अनेक अर्थांमुळे मुले गोंधळतात, तेच अनेक अर्थ इथे भाषांतरकाराच्या उपयोगी पडले. मराठीत 'परावर्तनासाठी' म्हटले तर मन निसटते आणि 'चिंतनासाठी' म्हटले तर आरसा निसटतो. आपल्याला 'परतून पाहण्यासाठी' असे साधे म्हणावे लागते, आणि ते चांगले आहे, कारण ते सात वर्षांच्या मुलालाही कळते.

एक बारीक फरक मात्र ध्यानात घ्या. लॅटिन शब्दात वळणे आहे, पाली शब्दात पाहणे आहे. आरशातून किरण आपोआप वळतो, त्याला कष्ट नाहीत. पाहणे आपोआप होत नाही. तथागतांनी सांगितलेला विचार झाल्यावर एकदा मागे वळण्याचा नाही, आधी, मध्ये आणि नंतर असा तीन वेळा पाहण्याचा आहे.

विद्यार्थ्यांसाठी आता कामाच्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. हा शब्द आला की त्याच्या पुढचा लहान शब्द पाहा. 'रिफ्लेक्टेड फ्रॉम' असेल तर बहुधा प्रकाश किंवा आवाज कशावरून तरी परततो आहे. 'रिफ्लेक्टेड इन' असेल तर कशात तरी रूप किंवा परिणाम दिसतो आहे. 'रिफ्लेक्शन ऑफ' असेल तर कशाचे तरी प्रतिबिंब किंवा लक्षण आहे. 'ऑन' असेल तर विचार किंवा ठपका.

दुसरी. 'ऑन' असून विचार की ठपका हे कळेना, तर कर्ता पाहा. कर्ता माणूस असेल तर बहुधा विचार. कर्ता एखादी घटना, वागणूक किंवा निकाल असेल तर बहुधा नावावर होणारा परिणाम. तो चांगलाही असू शकतो. मुलीने पदक मिळवले तर ते शाळेवर चांगले 'रिफ्लेक्ट' होते. लोकसभेच्या नियमासारखी उदाहरणे या खुणेत बसत नाहीत, तिथे सगळे वाक्य वाचावे लागते.

तिसरी. वहीत शब्द लिहाल तर एकटा लिहू नका, वाक्यासह लिहा. एका शब्दाला पाच वाक्ये मिळाली की तो शब्द तुमचा झाला.

चौथी. कुणी 'रिफ्लेक्शन लिहा' म्हटले, तर निम्मे पान पुस्तकाला द्या आणि निम्मे स्वतःला. 'मला असे वाटते' हे लिहा आणि त्याच्यापुढे 'कारण' हा शब्द जरूर लिहा. कारण दिल्याशिवाय नुसते वाटणे, याला ड्युईही विचार म्हणणार नाहीत आणि बाबासाहेबही म्हणणार नाहीत.

समितीला एक विनंती आहे. विहाराच्या अभ्यासिकेत फळा आहे. दर रविवारी त्यावर एक शब्द लिहावा, मुलांनी आठवडाभर त्याची वाक्ये गोळा करावीत आणि पुढच्या रविवारी मोठ्यांसमोर वाचावीत. खर्च काही नाही, खडू तेवढा लागेल. पहिल्या रविवारी मुलांना मदत करायला आम्ही स्वतः येऊ.